इतिहासाचार्यांचे स्मारक

खानदेशात पांझरा नदीच्या काठी धुळे हे शहर वसलेले आहे. तेथील सरळ आखलेल्या गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखल्या जातात. याच शहरात राजवाडे संशोधन मंदिर नावाची एक वास्तू आहे. नावात मंदिर हा शब्द असला, तरी तेथे घंटा वाजत नाही आणि नैवेद्यही दाखविला जात नाही. ते इतिहासाचे संग्रहालय आहे आणि एका थोर इतिहाससंशोधकाचे स्मारकही आहे.

संग्रहालयात शिरणाऱ्या मुलाची दृष्टी प्रथम दगडी मूर्तींवर खिळते. कोणाचा हात भंगलेला असतो, कोणाच्या मुकुटाचा तुकडा उडालेला असतो; तरीही मुखावरील प्रसन्नता शतकानुशतके तशीच राहिलेली दिसते. जुनी नाणी, कोरीव अक्षरांचे ताम्रपट, हाताने लिहिलेल्या पोथ्या हे सर्व पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. परंतु या मंदिराचे खरे धन निराळेच आहे. ते आहे जुन्या कागदांच्या दप्तरांत. हे कागद काळाने पिवळे पडले आहेत. कित्येकांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. वरची अक्षरे मोडी लिपीत असल्यामुळे आजच्या वाचकाला ती सहजी लागत नाहीत. त्यांत ना सोने, ना रत्ने. मग असले जीर्ण कागद एवढ्या निगुतीने का जपून ठेवले असावेत, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. त्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्या माणसाचे नाव विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. विश्वनाथ अगदी लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. त्यामुळे त्याचे बालपण पुण्याजवळ वडगाव येथे आप्तांच्या घरी गेले आणि पुढील शिक्षण पुण्यात झाले. घरची स्थिती बेताची होती. महाविद्यालयाचा खर्च झेपत नाही म्हणून शिक्षण मध्येच थांबवावे लागले. परंतु विश्वनाथाने जिद्द सोडली नाही. शिकवण्या करून त्याने पैसे मिळविले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८९० साली बी. ए. ची पदवी मिळविली.

कॉलेजातील नेमलेल्या पुस्तकांत त्याचे मन फारसे रमत नसे. पहाटे उठून व्यायाम करावा, मनसोक्त पोहावे आणि मग ग्रंथालयात शिरून हाताला येईल त्या विषयाचा ग्रंथ वाचून काढावा, असा त्याचा क्रम होता. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र असे कोणतेही क्षेत्र त्याला परके वाटत नसे. याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या लेखनाचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. आपला इतिहास आपणच शोधला पाहिजे, आणि तो आपल्याच भाषेत लिहिला पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनात रुजला.

शिक्षण संपल्यावर राजवाड्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. नंतर ती सोडून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठी वाचकाला मराठीतच वाचावयास मिळावेत, हा त्या मासिकाचा हेतू होता. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ त्यांनी स्वतः मराठीत आणला. त्यांचा संसार मात्र फार काळ टिकला नाही. तारुण्यातच पत्नीचे निधन झाले. राजवाड्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे त्यांनी जे कार्य हाती घेतले, त्यालाच त्यांनी आपला संसार मानले.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास वाचावयाचा म्हणजे दोनच मार्ग होते. एक म्हणजे जुन्या बखरी. दुसरा म्हणजे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ. बखरी वाचावयास मोठ्या रसाळ. पण त्यांतील पुष्कळशा घटना घडून गेल्यानंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या. त्यामुळे त्यांत ऐकीव गोष्टींची भर पडलेली असे आणि सनावळ्यांचा घोटाळाही असे. डफने परिश्रम केले होते, तरी त्याची दृष्टी परक्या राज्यकर्त्याची होती. खरा इतिहास सांगू शकतील असे साक्षीदार निराळेच होते. ते म्हणजे त्या त्या दिवशी, त्या त्या माणसांनी, आपल्या रोजच्या कामासाठी लिहिलेले कागद. राजाने दिलेली सनद, गावच्या वतनाचा महजर, छावणीतून धाडलेले पत्र, सावकाराचा हिशेब, असे हजारो कागद महाराष्ट्रातील वाड्यांतून आणि घरांतून पडून होते.

पण या कागदांचे हाल पाहवत नव्हते. राज्य गेले, तसे दप्तरांचे मोल गेले. माळ्यावर टाकलेल्या गाठोड्यांत पावसाचे पाणी झिरपे. वाळवी आपले काम गुपचूप करीत राही. घर आवरताना अडगळ म्हणून कित्येक कागद चुलीत जात, तर कित्येक वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी रद्दीच्या भावाने विकले जात. काही लोक कागद जपत, पण कोणाला दाखवीत नसत. इंग्रज सरकारने इनामांची चौकशी करण्यासाठी १८५२ च्या सुमारास इनाम कमिशन नेमले होते आणि त्यात अनेकांची इनामे गेली होती. त्याची धास्ती लोकांच्या मनांतून गेली नव्हती. कागद बाहेर काढावा आणि उरलेसुरले वतनही गमवावे, असे होऊ नये म्हणून ते दप्तर कुलपात ठेवीत. अशा रीतीने एका बाजूने निष्काळजीपणा आणि दुसऱ्या बाजूने भय, या दोहोंच्या कात्रीत महाराष्ट्राचा इतिहास सापडला होता. एक पिढी अशीच गेली असती, तर वाचण्यासाठी फारसे काही उरलेच नसते.

हे राजवाड्यांनी ओळखले. वाईच्या परिसरात त्यांना जुन्या पत्रांचा एक मोठा संग्रह मिळाला. त्यांनी तो उलगडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पानिपतचा काळ उभा राहिला. १७५० ते १७६१ या वर्षांतील ती पत्रे त्यांनी वाचली, त्यांची नक्कल केली, कालक्रमाने लावली आणि १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा तो पहिला खंड होय.

या खंडात सदाशिवरावभाऊंनी उत्तरेकडील अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांना धाडलेली अनेक पत्रे आहेत. यमुनेला पूर आला आहे, सैन्य पार नेण्यासाठी नावा जमवाव्यात, वसुलाचा पैसा त्वरेने पाठवावा, धान्य पुरवावे, अब्दालीची रसद तोडावी, असे तगादे त्यांत पुन्हापुन्हा येतात. ती पत्रे वाचताना रणांगणावरच्या तलवारींच्या खणखणाटाआधीची दुसरी लढाई दिसू लागते. ती लढाई होती पैशाची, धान्याची आणि वेळेची. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची कारणे केवळ एका दिवसाच्या शौर्यात किंवा चुकीत नव्हती, हे त्या कागदांनी दाखवून दिले. ज्या गोविंदपंतांना ही पत्रे लिहिली, ते स्वतः पानिपतच्या युद्धापूर्वी काही आठवडेच मारले गेले होते. माणसे गेली, पण त्यांची काळजी, त्यांची घाई कागदावर तशीच राहिली.

असे कागद वाचणे हे सोपे काम नव्हते. मोडी अक्षर झरझर लिहिले जाई आणि दोन शब्दांत अंतर ठेवण्याची रीतही नसे. त्याहून बिकट प्रश्न काळाचा असे. पुष्कळशा पत्रांवर मुसलमानी महिना आणि त्यातील चंद्राची तारीख एवढेच लिहिलेले असे. साल मुळीच नसे. राजवाडे मग एखाद्या गणितज्ञाप्रमाणे ते कोडे सोडवीत. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून एकच महिना काही वर्षांनी उन्हाळ्यातून वसंतात, वसंतातून थंडीत असा मागे मागे सरकत जातो. पत्रात मोहरम महिना असेल आणि सोबत दसऱ्याचा उल्लेख असेल, तर मोहरमात दसरा कोणकोणत्या वर्षी आला हे पाहावयाचे. मग पत्रातील सरदार त्या वर्षी कोठे होता, नदीला पूर होता की उतार, हे इतर पत्रांशी ताडून पाहावयाचे. असे करता करता अखेर एकच वर्ष शिल्लक राही आणि तेच त्या पत्राचे वर्ष ठरे. एका ओळीच्या तारखेसाठी कधी कधी अशी खूपच खटपट करावी लागे. पण तारीख चुकली म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते, हे राजवाडे जाणून होते.

पहिल्या खंडानंतर त्यांनी एका जागी बसणे सोडून दिले. अंगात साधे कपडे, खांद्यावर घोंगडी, बरोबर स्वयंपाकाची दोनचार भांडी आणि कागद एवढ्याच सामानानिशी ते गावोगाव हिंडू लागले. सह्याद्रीतील खेडी, गोदावरी आणि कृष्णेच्या काठची तीर्थक्षेत्रे, मराठवाड्यातील मठ, दक्षिणेतील मराठ्यांची जुनी ठाणी, जेथे जुना कागद असण्याचा संभव तेथे राजवाडे जात. पुष्कळसा प्रवास पायीच होई. स्वयंपाक ते स्वतःच्या हाताने करीत. कोणाच्या घरी पाहुणचार घेऊन ओशाळे व्हावे, हे त्यांना रुचत नसे.

गावात आल्यावर जुने घराणे कोणते, कोणाच्या वाड्यात दप्तर आहे, याची ते चौकशी करीत. काही घरी त्यांचे स्वागत होई. काही घरी मात्र दारातूनच वाटेला लावले जाई. एखाद्या गृहस्थाला वाटे, हा सरकारचा हेर असावा. दुसऱ्याला वाटे, हा कागद नेऊन विकणार. अशा वेळी राजवाडे पुन्हा जात, पुन्हा समजावीत. कागद देत नसाल तर येथेच बसून उतरून घेतो, एवढीच त्यांची मागणी असे. एखादे वेळी दिवसांमागून दिवस खर्ची घालावे आणि माळ्यावरचे गाठोडे सोडताच वाळवीने खाल्लेली माती हाती यावी, असेही घडे. पण एखाद्या गाठोड्यात शिवकालातील एखादे अस्सल पत्र निघाले, म्हणजे सारा शीण नाहीसा होई.

या भ्रमंतीतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे एकूण २२ खंड तयार झाले. त्यांच्यामागे ना सरकारचे पाठबळ होते, ना संस्थानिकाचा आश्रय. पुढील काही खंडांत शिवकालातील देशमुख, देशपांडे, पाटील अशा घराण्यांचे कागद आले. त्यामुळे इतिहास केवळ राजांचा न राहता गावांचा, वतनांचा, शेताच्या बांधांचा आणि सामान्य माणसांच्या तंट्यांचाही झाला. खंडांना जोडलेल्या राजवाड्यांच्या दीर्घ प्रस्तावनाही तितक्याच मोलाच्या ठरल्या.

त्यांच्या शोधक दृष्टीला भाषेचेही तेवढेच वेड होते. एखादा शब्द कोठून आला, त्याचे रूप कसकसे बदलत गेले, याचा ते दिवसेंदिवस माग काढीत. त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली आणि ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ त्यांनी १९२२ साली प्रकाशात आणला. शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र त्यामुळे वाचकांसमोर आले. इंग्रजी उत्तम येत असूनही राजवाड्यांनी आपले लेखन मराठीतच केले. मराठी ही ज्ञानाची भाषा व्हावयाची असेल, तर ज्ञान मराठीत लिहिले गेले पाहिजे, अशी त्यांची निष्ठा होती.

हे कार्य एकट्याच्या आयुष्यात संपणारे नाही, हेही त्यांना उमगले होते. म्हणून १९१० साली पुण्यात सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्या मंडळात पुढे अनेक विद्वान तयार झाले.

राजवाड्यांचा स्वभाव मात्र तापट होता. आपले मत ते अत्यंत ठासून मांडीत. विरोध झाला म्हणजे त्यांचा संताप अनावर होई. ज्या मंडळाची त्यांनी स्थापना केली, त्यापासूनही मतभेदांमुळे ते दूर झाले. त्यांचे सर्वच सिद्धांत पुढील संशोधकांना पटले नाहीत. शब्दांच्या काही व्युत्पत्ती आणि समाजाविषयीची काही अनुमाने पुढे चुकीची ठरली. परंतु ती चूक दाखवून देण्यासाठी लागणारी साधनेही पुष्कळदा राजवाड्यांनीच जमविलेली होती. अस्सल कागदापुढे कोणाचेही मत मोठे नाही, हा धडा त्यांनीच घालून दिला होता. तो त्यांच्या मतांनाही लागू झाला, यात त्यांच्या कार्याचा विजयच आहे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात राजवाडे धुळ्यास येऊन राहिले. समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव याच शहरात राहून कार्य करीत होते. जुन्या पोथ्यांविषयी आस्था असणारी आणखीही मंडळी येथे होती. त्यांच्या सहवासात राजवाड्यांनी मराठी धातूंचा कोश रचण्याचे काम चालविले होते. वय साठीच्या पुढे गेले होते. वर्षानुवर्षांच्या पायपिटीने शरीर झिजले होते; पण लेखणी थांबली नव्हती. हे काम पुरे होण्यापूर्वीच, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, धुळे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे घरदार नव्हते, धनसंपत्ती नव्हती. मागे राहिले होते ते टिपणांचे ढीग, अपुरे कोश आणि गावोगावहून आणलेल्या कागदांची दप्तरे. आता यांचे काय होणार, हा प्रश्न होता. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या माळ्यांवरचे कागद वाळवीपासून वाचविले, त्याचेच कागद एखाद्या माळ्यावर जाऊन पडण्याचा प्रसंग आला होता.

धुळ्याच्या लोकांनी तसे होऊ दिले नाही. राजवाड्यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांनी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना केली. पुतळा उभारून थांबावे आणि वर्षातून एकदा हार घालावा, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. राजवाड्यांचा संग्रह त्यांनी जपला. त्यात खानदेशातील आणि अन्य भागांतील मूर्ती, नाणी, ताम्रपट आणि पोथ्या यांची भर घातली. अभ्यासकांसाठी ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक काढले. राजवाड्यांच्या टिपणांवरून त्यांचा धातुकोश १९३७ साली आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे समग्र साहित्यही मंडळाने खंडशः प्रकाशित केले. ज्याला वारस नव्हता, त्याचे वारसपण एका गावाने पत्करले.

म्हणूनच धुळ्याचे हे मंदिर पाहताना मूर्तींपाशी थोडे थांबून पुढे दप्तरांकडेही जावे. एखादा जीर्ण कागद लक्षपूर्वक पाहावा. त्यावर कोठे शाई फुटलेली असते, कोठे एखादे अक्षर घाईने ओढलेले असते. कोणे एके काळी एखाद्या कारकुनाने दिव्याच्या उजेडात तो लिहिला, एखाद्या जासुदाने तो कमरेला बांधून दौडत नेला, कोणा घराण्याने तो पिढ्यानुपिढ्या सांभाळला किंवा विसरून टाकून दिला. आणि मग एके दिवशी घोंगडी पांघरलेला एक माणूस त्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. तो आला नसता, तर कदाचित त्याच कागदात कोणी मूठभर हळद बांधून नेली असती.

संग्रहालयातून बाहेर पडून घरी परतलेल्या मुलाला आपल्या घरच्या माळ्यावरची जुनी पेटी आठवावी, ती उघडून पाहण्याची इच्छा व्हावी आणि तीत सापडलेला कागद फेकण्यापूर्वी त्याने तो एकदा वाचण्याचा प्रयत्न करावा. इतिहासाचार्य राजवाड्यांचे खरे स्मारक तेथेही उभे राहील.